राजधानीतल्या बायका कोणत्या रकान्यात आहेत?

प्रति,
मा. सचिव,
सांख्यिकी व कार्यक्रम अंमलबजावणी मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,


मे २०२५ पासून आपले मंत्रालय दर महिन्याला देशाच्या रोजगाराचे आकडे प्रसिद्ध करते. त्याआधी शहरांचे आकडे तीन महिन्यांनी येत आणि खेड्यांच्या आकड्यांसाठी वर्षभर थांबावे लागे. जानेवारी २०२५ पासून पाहणीतल्या घरांची संख्याही सुमारे १ लाख २ हजारांवरून २ लाख ७२ हजारांवर गेली. एवढ्या मोठ्या देशात घरोघर जाऊन माहिती गोळा करणे सोपे नाही. आपल्या खात्यातली माणसे ते उन्हापावसात करतात. त्याबद्दल एक नागरिक म्हणून आणि आयुष्याची बरीच वर्षे दिल्लीत अर्थशास्त्र शिकवलेली शिक्षिका म्हणून मी मनापासून आभार मानते.

आता या मोजणीतल्या एका मोठ्या उणिवेबद्दल लिहिते. पंचवीस ते चोपन्न हा माणसाच्या कर्तेपणाचा काळ. या वयात असूनही जे ना कामावर आहेत, ना काम शोधत आहेत, ते किती, कोण आणि का, हे आपल्या मासिक पत्रकाच्या पहिल्या पानावरून कळत नाही. आपल्या देशात हा प्रश्न जवळजवळ सर्वस्वी स्त्रियांचा आहे, आणि दिल्लीच्या परिसरात तो फारच गंभीर आहे. हे पत्र मी मराठीत आणि उघडपणे लिहिते आहे, कारण ज्या घरांत आपला सर्वेक्षक जातो त्या घरांतल्या माणसांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

वर्तमानपत्रांत मथळा होतो तो बेरोजगारीच्या दराचा. एप्रिल २०२५च्या पहिल्या मासिक पत्रकात तो ५.१ टक्के होता आणि तोच आकडा सगळीकडे छापून आला. त्याच पत्रकात असेही होते की १५ वर्षांवरच्या १०० पुरुषांमागे सुमारे ७८ श्रमशक्तीत आहेत, आणि १०० स्त्रियांमागे ३४. दुसऱ्या माहितीची फारशी चर्चा झाली नाही. बेरोजगारीचा दर श्रमशक्तीत असलेल्यांचाच काढतात, म्हणजे काम करणारे अधिक काम मागणारे. जो या दोन्हींत नाही तो हिशेबातून पूर्णपणे वगळला जातो.

एक साधे उदाहरण घेते. शंभर स्त्रिया आहेत असे समजू. त्यातल्या १५ श्रमशक्तीत आहेत. १४ जणी काम करतात, एक जण काम शोधते. बेरोजगारीचा दर झाला ६.७ टक्के. पुढच्या महिन्यात काम शोधणारी थकली आणि विचारल्यावर म्हणाली, ‘आता नको, घरातच बरी आहे.’ श्रमशक्ती १४ची उरली आणि बेरोजगारी शून्यावर आली. काम कोणालाच मिळाले नाही, तरी आकडा सुधारला. उरलेल्या ८५ जणींची नोंद त्या आकड्यात पहिल्या महिन्यातही नव्हती आणि दुसऱ्यातही नाही.

यावर कोणी म्हणेल की श्रमशक्ती सहभागाचा दर आपण देताच. देता, पण तो १५ वर्षांवरील सर्वांचा. त्यात बारावीत शिकणारी मुलगी आहे आणि पंचाहत्तर वर्षांच्या आजीही आहेत. मुली जास्त वर्षे शिकू लागल्या की हा दर खाली येतो, आणि मुळात ती चांगली गोष्ट असते. समाजात वृद्धांचे प्रमाण वाढले तरी तो खाली येतो, त्यात वाईट काही नसते. म्हणून जगातल्या अनेक देशांत २५ ते ५४ हा वयोगट वेगळा पाहतात. या वयात बहुतेकांचे शिक्षण झालेले असते आणि निवृत्ती दूर असते. या वयाचे माणूस श्रमशक्तीबाहेर असेल, तर त्याला काहीतरी कारण असते आणि ते कारण विचारण्याजोगे असते. श्रीमंत देशांची आर्थिक सहकार्य संघटना आणि अमेरिकेचे कामगार सांख्यिकी कार्यालय याच वयोगटाचा आकडा नियमित देतात. आपल्या वार्षिक अहवालाच्या मागच्या तक्त्यांत पाच-पाच वर्षांच्या वयोगटांची आकडेवारी असते, आणि मूळ माहितीही आपण अभ्यासकांना विनामूल्य देता. म्हणजे हा आकडा काढण्याची सामग्री आपल्यापाशी आहे. तो ठळकपणे सांगितला जात नाही एवढेच.

अमेरिकेत या वयोगटावर मोठा वाद झाला तो पुरुषांवरून. १९५०च्या दशकात तिथे या वयातल्या शंभर पुरुषांपैकी ९७ श्रमशक्तीत असत, आता ८९च्या आसपास आहेत. तिथले अभ्यासक निकोलस एबरस्टाट यांनी २०१६ साली या बाहेर पडलेल्या पुरुषांवर पुस्तकच लिहिले आणि देशभर चर्चा झाली. शंभरातले आठ-नऊ पुरुष गळाले तर एक देश एवढा हादरला. आपल्याकडे तिशी-चाळिशीतल्या शंभर पुरुषांपैकी पंचाण्णवहून अधिक श्रमशक्तीत आहेत. आणि राजधानीत? २०१७-१८ ते २०२३-२४ या वर्षांच्या आपल्याच वार्षिक अहवालांनुसार दिल्लीत १५ वर्षांवरच्या पाच स्त्रियांपैकी एकही पुरती श्रमशक्तीत नाही. देशातल्या सर्वांत खालच्या आकड्यांपैकी हा एक आहे. मेट्रो, विद्यापीठे, मोठी इस्पितळे आणि देशातल्या सर्वाधिक दरडोई उत्पन्नांपैकी एक, हे सगळे याच शहरात आहे.

याच काळात वार्षिक अहवालांनुसार, ज्यांची मोजण्याची पद्धत मासिक पत्रकाहून वेगळी आहे, देशातल्या स्त्रियांच्या सहभागाचा दर २३.३ टक्क्यांवरून ४१.७ टक्क्यांवर गेला. ही वाढ कुठे झाली हे पाहणे गरजेचे आहे. खेड्यांत दर २४.६वरून ४७.६ झाला, शहरांत २०.४वरून २८. खेड्यांतल्या वाढीचा मोठा भाग स्वतःच्या शेतीत, दुकानात किंवा घरच्या धंद्यात राबणाऱ्या स्त्रियांचा आहे. त्यांतल्या कित्येकींना त्या कामाचा पैसा हातात मिळत नाही. त्यांचे काम मोजले जाते हे योग्यच आहे. पण हिमाचलात साठ टक्क्यांहून अधिक स्त्रिया श्रमशक्तीत आणि दिल्लीत त्याच्या पावभर, एवढ्या फरकाचे कारण केवळ स्वभावात किंवा संस्कृतीत शोधून चालणार नाही. त्यातला काही भाग मोजण्याच्या नियमांत आहे.

ते नियम सामान्य वाचकाला ठाऊक नसतात, म्हणून थोडक्यात सांगते. पाहणीत प्रत्येक माणसाला एक सांकेतिक क्रमांक मिळतो. पगारी नोकरी ३१, घरच्या धंद्यात बिनपगारी मदत २१, बेरोजगार ८१, शिक्षण ९१. ९२ म्हणजे फक्त घरकाम. ९३ म्हणजे घरकाम, आणि त्याखेरीज घरच्या वापरासाठी सरपण वेचणे, पाणी आणणे, शेण्या थापणे, दळण-कांडण, शिवणटिपण यांसारखी कामे. ९२ किंवा ९३ यांपैकी कोणतीही खूण मिळालेली स्त्री श्रमशक्तीबाहेरची ठरते.

आता सोनीपत, झज्जर किंवा पलवलच्या गावात चला. हे जिल्हे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच आहेत. तिथली सून पहाटे उठून म्हशीची धार काढते, चारा घालते, शेण उचलते. आपल्या नियमानुसार म्हशीची निगा आणि दुधाचे उत्पादन हे आर्थिक काम आहे, दूध घरीच प्यायले तरीही. त्याच दुधाचे घरासाठी तूप कढवणे मात्र आर्थिक काम नाही. त्याच शेणाच्या शेण्या घरच्या चुलीसाठी थापणेही नाही. एका सकाळीत ती ही सीमा अनेकदा ओलांडते आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. उद्या तिच्या नवऱ्याला नोएडात नोकरी लागली, म्हैस विकली आणि ते दोन खोल्यांच्या घरात राहायला आले, तर ती श्रमशक्तीच्या बाहेर जाते. तिचा दिवस पूर्वीइतकाच भरलेला राहतो. नळाला पाणी नसेल तेव्हा टँकरपाशी रांगेत उभी राहते, सासऱ्यांना दवाखान्यात नेते, मुलांचा अभ्यास घेते. कागदावर ती ९२ होते.

९३ या खुणेतल्या दळणाचेच पाहा. फेब्रुवारी २०२५मध्ये दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियमवर अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष होत्या ताराबाई भवाळकर. बायकांच्या ओव्या, लोकगीते आणि लोककथा यांचा अभ्यास करण्यात त्यांचे आयुष्य गेले. जात्यावर दळताना रचलेल्या त्या ओव्यांना आपण साहित्य मानले, त्यांच्या अभ्यासकाला संमेलनाध्यक्षपद दिले. ज्या दळणातून त्या आल्या, ते घरचे दळण देशाच्या श्रमगणनेत कामाबाहेर ठेवलेले आहे. ज्या समाजाने ओवीचा एवढा मान राखला, त्याने दळणारीच्या मोजणीकडेही तितक्याच आदराने पाहिले पाहिजे.

हे प्रश्न आजचे नाहीत आणि दिल्लीला अपरिचितही नाहीत. धनंजयराव गाडगीळ योजना आयोगाचे उपाध्यक्ष असतानाच्या काळात बेरोजगारीच्या अंदाजांचा फेरविचार करण्यासाठी प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती बसली. तिचा अहवाल १९७०चा. भारतासारख्या देशात बेरोजगारी एका आकड्यात सांगणे दिशाभूल करणारे आहे, निरनिराळ्या गटांचे चित्र वेगवेगळे मांडले पाहिजे, असे तिने बजावले. त्या आधारावर १९७२-७३ची राष्ट्रीय नमुना पाहणी झाली आणि आजच्या पद्धतीचा पाया घातला गेला. त्यानंतर काही वर्षांतच दिल्लीत काम करणाऱ्या देवकी जैन यांनी राजस्थान आणि पश्चिम बंगालमधल्या गावांत बायकांचा दिवस तासातासाने नोंदवला. घरकाम करणाऱ्या म्हणून नोंदलेल्या कित्येक बायका प्रत्यक्षात शेतात आणि गुरांमागे राबत होत्या. १९८८ साली इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने ‘श्रमशक्ती’ या अहवालातून असंघटित क्षेत्रातल्या स्त्रियांचे न मोजलेले काम देशापुढे ठेवले. १९९८-९९मध्ये आपल्याच संघटनेने सहा राज्यांत वेळवापराची पहिली पाहणी केली. त्या सहांत हरियाणा होते. म्हणजे पन्नास वर्षे आपण हे जाणतो. पन्नास वर्षांत ते ठळक मथळ्यापर्यंत मात्र पोहोचले नाही.

दिल्लीपुरते पाहिले तर ९२ या खुणेखाली किमान तीन वेगवेगळ्या स्त्रिया एकत्र कोंबल्या जातात.

पहिली स्त्री प्रत्यक्षात काम करते, पण तसे सांगत नाही. सीलमपूर, सुंदर नगरी, मुस्तफाबाद, करावल नगर या वस्त्यांत घरात बसून मजुरी करणाऱ्या बायका आहेत. कोणी जीन्सचे लोंबते धागे कापते, कोणी राख्या बांधते, कोणी कार्डांवर टिकल्या चिकटवते. नगावर पैसे मिळतात. ठेकेदार माल घरी टाकतो आणि उचलून नेतो. करावल नगरमध्ये बदाम फोडणाऱ्या मजुरांनी २००९च्या डिसेंबरात संप केला तेव्हा त्यांत बायका पुढे होत्या आणि तो धंदा अनेकांना पहिल्यांदा दिसला. नियमानुसार अशी स्त्री कामगारच आहे, आठवड्यात एक तास जरी काम केले तरी. पण दारात आलेल्या माणसाने ‘काय करता?’ असे विचारले, तर ती म्हणते, ‘काही नाही, घरीच असते.’ नवरा म्हणतो, ‘हाथ का थोडा काम कर लेती है.’ या उत्तरांवर तिचा सांकेतिक क्रमांक ठरतो.

दुसरीला काम करायचे आहे, पण ज्या अटींवर बाहेर काम मिळते त्या अटी तिला पेलत नाहीत. गाझियाबादहून गुरुग्रामला जायला दीड-दोन तास, यायला तेवढेच. मूल सांभाळायला कोणी नाही. संध्याकाळी उशिरा घरी परतताना मेट्रो स्थानकापासून घरापर्यंतचा रस्ता अंधाराचा. दिल्लीतल्या मराठी घरांत मी अशा कितीतरी जणींना ओळखते. केंद्र सरकारच्या किंवा खासगी कंपनीच्या नोकरीत नवऱ्याची बदली झाली, पुण्या-नाशिकला असलेली स्वतःची नोकरी सोडून त्या इकडे आल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमलेल्या पंधरा-वीस जणींत अभियंता, शिक्षिका, सनदी लेखापाल, प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ सहज निघतात. त्यांतल्या बऱ्याच जणी ‘मूल शाळेत जायला लागले की बघू’ म्हणत म्हणत चाळिशीला पोहोचलेल्या असतात. त्यांना कोणी काम शोधताय का असे विचारले तर त्या नाही म्हणतील, आणि ते खरेही असेल. घराजवळ, चार तासांचे, नीट पगाराचे काम मिळाले तर कराल का, असे विचारले तर उत्तर वेगळे येईल. हा दुसरा प्रश्न आपल्या मासिक पत्रकाच्या मोजणीत दिसत नाही.

तिसरी स्त्री विचारपूर्वक घरी आहे. आजारी माणसाची सेवा करायला, लहान मुलांसाठी किंवा तिला ते आवडते म्हणून. तिच्या निवडीचा मान राखलाच पाहिजे. तिला ‘बाहेर काढा’ असे माझे म्हणणे मुळीच नाही. पण तिची निवड आणि दुसरीची अडचण एकाच खुणेखाली गेली, तर निवड आणि अडचण यांतला फरक राज्यकर्त्यांना कधीच दिसणार नाही. सगळ्या जणी स्वखुशीने घरी आहेत असे गृहीत धरले जाईल. आज तेच होते आहे.

‘योग्य अटींवर काम मिळाले तर कराल का’ हा दुसरा प्रश्न विचारणे अशक्य नाही, कारण तो आपण विचारत होतात. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या जुन्या पंचवार्षिक फेऱ्यांत ९२ किंवा ९३ची खूण मिळालेल्या स्त्रियांसाठी स्वतंत्र प्रश्न असत. घरकामात गुंतून राहणे भाग आहे का, का आहे, घरच्या घरी काम दिले तर स्वीकाराल का, कोणते आणि किती वेळ. २०११-१२च्या अडुसष्टाव्या फेरीत खेड्यांतल्या सुमारे ३४ टक्के आणि शहरांतल्या सुमारे २८ टक्के अशा स्त्रियांनी ‘हो, करू’ असे उत्तर दिले. सर्वाधिक पसंती शिवणकामाला होती. ज्यांना आपण श्रमशक्तीबाहेर म्हणतो त्यांच्यातली सुमारे प्रत्येक तिसरी-चौथी स्त्री योग्य अटींवर काम करायला तयार होती. २०१७मध्ये आजची श्रमशक्ती पाहणी सुरू झाली तेव्हा हे सविस्तर प्रश्न मागे पडले. अलीकडच्या वार्षिक अहवालांत श्रमशक्तीबाहेर असण्याचे मुख्य कारण नोंदवले जाते, आणि स्त्रियांच्या बाबतीत मुलांची देखभाल व घरच्या जबाबदाऱ्या हे सर्वांत मोठे कारण निघते. हे चांगले पाऊल आहे. पण कारण विचारून थांबू नये. कोणती अट बदलली तर उत्तर बदलेल, हेही विचारले पाहिजे. कारण फक्त परिस्थिती सांगते, अट उपाय सुचवते.

उत्तर कोण देते यानेही बराच फरक पडतो. नियमानुसार घरातल्या कोणत्याही जाणत्या माणसाकडून सगळ्यांची माहिती घेता येते. व्यवहारात दार उघडतो सासरा, दीर किंवा नवरा. ‘बहू क्या करती है?’ या प्रश्नाला ‘घर पे रहती है’ हे उत्तर त्यांना खोटे वाटत नाही. तिने महिनाभर शिकवण्या घेतल्या, शेजारच्या बुटीकला ब्लाउज शिवून दिले, ऑनलाइन डबे विकले, यातले त्यांना ठाऊक असेलच असे नाही. उत्तर स्वतः त्या स्त्रीने दिले की दुसऱ्याने, हे अहवालाबरोबर ठळकपणे सांगितले जावे. त्या दोन प्रकारच्या उत्तरांतला फरक किती, हेही सांगितले जावे. या एका माहितीने आपल्या आकड्यांवरचा विश्वास वाढेल.

वेळवापर पाहणीने या प्रश्नाची दुसरी बाजू दाखवली आहे. आपण ती २०१९मध्ये देशभर पहिल्यांदा केली आणि २०२४मध्ये पुन्हा. २०२४च्या पाहणीनुसार १५ ते ५९ वयोगटातल्या ज्या स्त्रिया बिनपगारी घरकाम करतात त्या दिवसाला सरासरी ३०५ मिनिटे, म्हणजे पाच तासांहून जास्त, त्यात घालवतात. २०१९मध्ये हा आकडा ३१५ होता. घरातल्या माणसांची देखभाल करणाऱ्या याच वयातल्या स्त्रियांची त्यात रोजची सुमारे १४० मिनिटे जातात, तशी देखभाल करणाऱ्या पुरुषांची ७४. पाच वर्षांत घरकामाचा भार दहा मिनिटांनी हलका झाला. एवढ्याने कोणतीही स्त्री पूर्ण दिवसाची नोकरी धरू शकणार नाही. हा आकडा आणि श्रमशक्तीचा आकडा वेगवेगळ्या अहवालांत, वेगवेगळ्या वर्षी येत राहिले तर त्यांचा परस्परसंबंध लोकांना कळणार नाही. दोन्ही शेजारी ठेवले तर दिल्लीतला दर एवढा खाली का, याचा अर्धा खुलासा तिथेच होईल.

आता दिल्लीच्या परिसराचा खास मुद्दा. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र १९८५च्या कायद्याने अस्तित्वात आले. दिल्लीबरोबर हरियाणा, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांतले जिल्हे त्यात आहेत. माणसे राहतात एका राज्यात आणि काम करतात दुसऱ्यात. गाझियाबादची बाई दिल्लीत नोकरी शोधते, दिल्लीची गुरुग्राममध्ये, फरीदाबादची नोएडात. कामाची बाजारपेठ एक आहे आणि आकडे चार राज्यांत वाटलेले. त्यामुळे दिल्लीचा आकडा वेगळा वाचला की चित्र अपुरे राहते, आणि नोएडाचा आकडा उत्तर प्रदेशाच्या प्रचंड सरासरीत बुडून जातो. जानेवारी २०२५पासून आपण जिल्हा हा पाहणीचा पायाभूत घटक केला आहे. त्यामुळे या सगळ्या जिल्ह्यांचा एकत्रित अंदाज काढण्याची वाट मोकळी झाली आहे. दर महिन्याला काढणे नमुन्याच्या मर्यादेमुळे शक्य नसेल, तर वर्षातून एकदा काढावा.

पुरुषांच्या बाबतीतही एक जागा धूसर आहे. जुन्या राजेंद्र नगरात आणि मुखर्जी नगरात हजारो तरुण-तरुणी स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. महाराष्ट्रातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली मुले त्यांत आहेत. जुलै २०२४मध्ये जुन्या राजेंद्र नगरातल्या एका तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी मरण पावले, तेव्हा त्यांच्या जगण्याकडे देशाचे लक्ष गेले. पंचविशी ओलांडलेला, महाविद्यालय सोडलेला, खासगी वर्गात जाणारा हा तरुण कोणत्या रकान्यात आहे? तो विद्यार्थी की बेरोजगार? सर्वेक्षकागणिक उत्तर बदलू नये म्हणून परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी स्वतंत्र, स्पष्ट नोंद असावी. त्यांची संख्या कळली तर पदभरती रखडण्याची किंमतही कळेल.

हे सगळे केवळ अभ्यासकांसाठी नाही. महाराष्ट्रात जुलै २०२४पासून ‘लाडकी बहीण’ योजनेतून २१ ते ६५ वयाच्या पात्र स्त्रियांना महिन्याला १,५०० रुपये मिळू लागले. हरियाणाने २०२५मध्ये ‘लाडो लक्ष्मी’ योजनेतून २,१०० रुपये द्यायला सुरुवात केली. स्वतःची कमाई नसलेल्या किंवा तुटपुंजी असलेल्या स्त्रियांवर राज्ये हजारो कोटी रुपये खर्च करत आहेत. मग त्या स्त्रिया किती, त्या श्रमशक्तीबाहेर का आहेत, आणि त्या पैशाबरोबर त्यांना पाळणाघर, बस किंवा घराजवळचे काम दिले तर काय होईल, हे ठाऊक असायला नको का? प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. त्याचा परिणाम कोणत्या वयाच्या स्त्रियांच्या सहभागावर झाला, हे २५ ते ३४ वयाचा आकडा नियमित समोर आला तरच कळेल. जे मोजले जात नाही त्याला अंदाजपत्रकात जागा मिळत नाही.

म्हणून माझ्या मागण्या नेमक्या पाच आहेत.

पहिली. मासिक पत्रकाच्या पहिल्या पानावर, बेरोजगारीच्या दराशेजारी, २५ ते ५४ वयाच्या स्त्री-पुरुषांचा श्रमशक्ती सहभाग आणि श्रमशक्तीबाहेर असलेल्यांचे प्रमाण स्वतंत्रपणे द्यावे.

दुसरी. श्रमशक्तीबाहेर असण्याची कारणे याच वयोगटासाठी, राज्यनिहाय, निदान तिमाहीला द्यावीत. अडुसष्टाव्या फेरीतले ‘कोणत्या अटींवर काम स्वीकाराल’ हे प्रश्न परत आणावेत, आणि त्यांत घरापासूनचे अंतर, कामाचे तास, मुलांची सोय आणि रात्रीचा प्रवास यांचा समावेश करावा.

तिसरी. शक्य तिथे स्त्रीची माहिती तिच्याकडूनच घ्यावी, त्यासाठी महिला सर्वेक्षकांची संख्या वाढवावी, आणि उत्तर कोणी दिले याचा तपशील प्रसिद्ध करावा.

चौथी. राष्ट्रीय राजधानी क्षेत्राचा एकत्रित अंदाज वर्षातून एकदा काढावा. मुंबई महानगर प्रदेशासाठीही हाच विचार व्हावा.

पाचवी. श्रमशक्ती पाहणीतल्या काही घरांत वेळवापराची छोटी नोंदवही जोडावी, म्हणजे ‘काम नाही’ आणि ‘पगार नाही’ या दोन गोष्टी एकाच माणसाच्या दिवसात वेगळ्या दिसतील. २०१३च्या आंतरराष्ट्रीय श्रमसांख्यिकी परिषदेने काम आणि रोजगार या दोन कल्पना वेगळ्या केल्या आहेत. आपणही त्या दिशेने जावे.

यातली पहिली मागणी पूर्ण करायला नवा सर्वेक्षक लागत नाही. हाताशी असलेल्या माहितीतून एक ओळ वर आणायची आहे. म्हणून ती लगेच, पुढच्याच पत्रकापासून अमलात यावी अशी विनंती करते. बाकीच्या मागण्यांना वेळ लागेल हे मान्य आहे. पण १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख असलेली जनगणना आता समोर आहे, आणि तिच्या आकड्यांवर पुढची अनेक वर्षे सगळ्या पाहण्या आधारलेल्या असतील. प्रश्न नीट करून घेण्याची वेळ हीच आहे.

शेवटी माझ्या मराठी वाचकांना, विशेषतः दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, फरीदाबाद आणि गुरुग्राममध्ये राहणाऱ्यांना दोन शब्द. सोसायटीच्या फाटकावर ओळखपत्र घेऊन उभ्या असलेल्या सरकारी सर्वेक्षकाला परत पाठवू नका. आपल्या घरातल्या स्त्रीबद्दल विचारले तर तिच्या वतीने उत्तर देऊ नका, तिला बोलवा. आणि तायांनो, तुमच्यापैकी कोणाला विचारले तर ‘काही नाही, घरीच असते’ असे म्हणून थांबू नका. शिकवणी घेत असाल तर सांगा, शिवण करत असाल तर सांगा, काम हवे असूनही मिळत नसेल तर तेही ठामपणे सांगा. तुमच्या एका वाक्यावर एक सांकेतिक क्रमांक ठरतो आणि तशा लाखो क्रमांकांवर देशाचे धोरण ठरते.

सचिव महोदय, त्यांनी खरे सांगितले तर ते नोंदवण्याची आणि सर्वांना दिसेल असे मांडण्याची जबाबदारी आपली आहे. ती आपण पार पाडाल या विश्वासाने हे पत्र लिहिले आहे.

आपली विश्वासू,
राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातली एक मराठी नागरिक